आमच्या आठ्या आमच्याच राहू द्या

मैत्रिणींनो, लग्नसराई जवळ आली की आपल्या कोल्हापुरात साड्यांचा आणि सोन्याचा बाजार तेजीत येतो. आता त्यात चेहऱ्याची भर पडली आहे. 'केमिकल पील आणि सुरकुत्यांचं इंजेक्शन, दोन्ही एकत्र, सवलतीत. वरमाईंसाठी खास!'

आमच्या गल्लीतल्या एका मैत्रिणीनं मुलाच्या लग्नाआधी तीन आठवडे हे पॅकेज घेतलं. वय ४८. साडीच्या दुकानात काउंटरवर उभी असते. मालक म्हणाले होते, "ताई, जरा फ्रेश दिसत चला, गिऱ्हाईक चेहरा बघतं." तिनं भिशी उचलली. एकाच बैठकीत तिच्या चेहऱ्याला आम्ल लावलं आणि कपाळात सुया टोचल्या. 'ऊन टाळा' हे पैसे भरून निघताना सांगितलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती स्कूटीवरून कामावर गेली. न जाऊन सांगते कुणाला? लग्नाच्या फोटोंत तिची एक पापणी उतरलेली आहे आणि गालांवर काळे डाग आहेत. पापणी दीड-दोन महिन्यांनी सावरली. डाग अजून आहेत. मालकांनी तिला काउंटरवरून उठवून आत घड्या घालायला बसवलं. आणि आपण बायका काय म्हणालो? "हौस नडली!"

हौस कुणाची होती, हे आधी ठरवू या.

या दोन उपचारांची माहिती तिला कुणी दिली नाही, म्हणून इथं देते. पील म्हणजे ग्लायकॉलिक किंवा ट्रायक्लोरोअॅसेटिक यांसारख्या आम्लानं त्वचेचा वरचा थर सोलून काढणं. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला अशी इजा झाली, तर बरं होताना तिथं काळे डाग पडण्याचा धोका जास्त, उन्हात तर आणखीच. इंजेक्शनमधलं बोटुलिनम टॉक्सिन स्नायूपर्यंत जाणारा मज्जातंतूचा निरोप अडवतं. स्नायू ढिला पडतो, सुरकुती दिसेनाशी होते. ते शेजारच्या स्नायूत पसरलं तर पापणी उतरते. म्हणूनच टोचल्यावर ती जागा चोळायची नसते आणि म्हणूनच अनेक डॉक्टर या दोन उपचारांत आठवडा-दोन आठवड्यांचं अंतर ठेवतात. एक उपचार कातडीवर, दुसरा स्नायूवर. जाणत्या त्वचारोगतज्ज्ञानं त्वचा पाहून, वेळ देऊन केले तर दोन्ही एकमेकांना पूरक ठरू शकतात, हेही खरं. पण सवलतीच्या पॅकेजमध्ये नेमका वेळच नसतो.

या औषधाशी आपलं वैर नाही. १९८९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणासाठी आणि पापण्या आवळून बसण्याच्या आजारासाठी. २००२ साली ते भुवयांमधल्या आठ्यांसाठी मान्य झालं, आणि आजार नसलेल्या माणसांची मोठी बाजारपेठ खुली झाली. असर टिकतो साधारण तीन-चार महिने. म्हणजे हा एकदाचा खर्च नव्हे, वर्षातून तीनदा भरायचा हप्ता आहे.

आणि आठी म्हणजे काय हो? न पटल्याची खूण. पुरुषाच्या कपाळावर आठी आली की घर गप्प होतं, ऑफिस कामाला लागतं. बाईच्या कपाळावर आली की ती 'थकलेली', 'खाष्ट' दिसते. तीस वर्षं संसार, नोकरी आणि माणसं सांभाळून मिळवलेली ही रेघ तिनं स्वतःच्या पैशानं पुसायची?

कुणी म्हणेल, "माझं शरीर, माझा निर्णय, ही तुमचीच घोषणा ना?" होय, आमचीच. ती आता जाहिरातदारांनी उचलली आहे. पण निर्णयाला माहिती लागते, सवड लागते आणि 'नाही' म्हटलं तरी पोटावर पाय येणार नाही अशी खात्री लागते. आमच्या मैत्रिणीकडे यातलं काय होतं? १९९६ साली बंगळूरच्या विश्वसुंदरी स्पर्धेला स्त्री-संघटनांनी विरोध केला तेव्हा आपल्याला 'रसहीन बायका' म्हणून हिणवलं गेलं. तेव्हा मापाची पट्टी मंचावर होती, आज ती साडीच्या काउंटरवर आली आहे. १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'नं २०२० साली नावातला गोरेपणा काढला. नाव बदललं, पट्टी कुठं बदलली?

जी बाई स्वखुशीनं हे करून घेते, तिला नावं ठेवू नका. हिशेब मागायचा तो विकणाऱ्यांकडे आणि मालकांकडे.

तेव्हा पुढच्या वेळी एकटीनं जाऊ नका, जोडीनं जा. सुई धरणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर आहे का, ते विचारा. बोटुलिनम हे औषध आहे. ते टोचणं पार्लरचं काम नव्हे. कुपी तुमच्यासमोर उघडायला सांगा. धोके लेखी, मराठीत मागा. बिल घ्या. बिघडलं तर तक्रार ग्राहक आयोगाकडे नेता येते. आणि मालक "फ्रेश दिसा" म्हणाला, तर ती चेष्टा समजून सोडून देऊ नका. नोकरीसाठी चेहरा बदलायला लावणं हा कामगार म्हणून आपल्यावर होणारा अन्याय आहे.

शाहू महाराजांनी १९१९ साली या संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. तेव्हाही लोक म्हणत असतील, हा तर घरातला मामला. आज म्हणतात, ही तिची हौस.

ती मैत्रीण पुन्हा काउंटरवर उभी राहावी, डागांसह, म्हणून आम्ही दहाजणी पुढच्या सोमवारी तिच्या मालकांना भेटायला जाणार आहोत. कपाळावर आठ्या घालूनच जाऊ.