जरा जपून बोल!

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या घरी एक प्रसंग बहुधा दरवर्षी घडतो. घरातल्या किंवा भावकीतल्या कुणातरी मुलाला नवी नोकरी लागलेली असते. तो वाकून नमस्कार करतो, आणि त्याच्यापुढे फराळाची बशी सरकवीत वडीलधारे सांगतात, "आता जरा जपून बोल हं. साहेबापुढं तोंड उघडायचं नाही!" करंजी आणि चिवडा जसा ठरलेला, तसा हा उपदेशही आता ठरलेला आहे.

गंमत अशी की, हा उपदेश करणारे आम्ही कोल्हापूरकर! "आमचं तोंड फटकळ, पण मन साफ," अशी स्वतःची जाहिरात करण्यात आमचा हात कोण धरील? तालमीच्या कट्ट्यावर, रंकाळ्याच्या काठावर, मिसळीच्या टेबलाशी बसून आम्ही गल्लीपासून दिल्लीपर्यंत सर्वांची हजेरी घेतो. परंतु सकाळी मस्टरवर सही झाली, की हेच फटकळ लोक संध्याकाळपर्यंत मौन धरतात. पाटगावच्या मौनी महाराजांचे मौन तपश्चर्येचे होते; आमचे पगाराचे असते, एवढाच काय तो फरक!

या उपदेशाविरुद्ध मला तक्रार करावयाची आहे, आणि आरोपींच्या यादीत पहिले नाव माझेच घालावयाचे आहे.

मी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी केली. १९८६-८७ च्या हंगामातली गोष्ट. आमच्याकडे काट्यावर एक कारकून होता. माणूस सरळ, अक्षर मोत्यासारखे आणि बोलणे कोल्हापुरी. हंगाम ऐन भरात असताना खातेप्रमुखांची बैठक भरली. काट्याचे दप्तर घेऊन तो, आणि हिशेबाची वही घेऊन मी, असे दोघेही दाराशी उभे होतो. शेवटी मोठ्या साहेबांनी विचारले, "कुणाला काही सांगायचंय?" हा प्रश्न उत्तरासाठी नसतो, चहा येईपर्यंतचा वेळ भरून काढण्यासाठी असतो, हे त्या भल्या माणसाला कळले नाही. तो पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, उसाची एकच भरली गाडी दोन काट्यांवर घातली, तर चाळीस किलोचा फरक पडतोय. कारखान्याचं काय जात न्हाई, पण शेतकऱ्याचं जातंय. काटा तपासून घ्यायला पायजे."

खोलीत कुणी हलेना. साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारले, "हिशेबात असं काही दिसलंय का?" दिसले होते. दोन काट्यांवरच्या वजनांची तफावत माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात होती. मी वहीचे पान उलटले आणि म्हणालो, "बघावं लागेल, साहेब."

त्या तीन शब्दांनी माझी नोकरी सुखाची झाली. त्याला पंधरा दिवसांत लांबच्या गट ऑफिसात धाडण्यात आले. त्याच्या वार्षिक अहवालावर 'स्वभाव भांडखोर, सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाही' असा शेरा पडला. पुढच्या वर्षीची बढती त्याच्या हाताखालच्या माणसाला मिळाली. काटा मात्र पुढच्या हंगामाआधी गाजावाजा न करता दुरुस्त झाला! म्हणजे बोलणे खरे होते, उपयोगाचे होते, कारखान्याने ते मानलेही. न मानला तो फक्त बोलणारा.

त्यानंतर कँटीनमध्ये आम्ही सर्वांनी मिळून जो निवाडा दिला, तो तुमच्याही परिचयाचा असेल. "म्हणणं बरोबर होतं हो, पण सांगायची पद्धत चुकली." वाचकहो, या 'पद्धत' नावाच्या शब्दाइतका सोयीस्कर शब्द मराठीत दुसरा नसेल. चारचौघांत सांगितले तर 'एकट्यात सांगायचे'. एकट्यात सांगितले तर 'लेखी द्यायचे'. लेखी दिले तर 'कागद कशाला रंगवला?' योग्य पद्धत कोणती, हे विचारू नये. ती न बोलण्याची असते.

येथे कुणी चतुर वाचक मला आमच्या कोल्हापूरच्याच प्रकरणाची आठवण देईल, आणि ती दिलीच पाहिजे. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याच्या वार्तांनी संतापून आगरकर-टिळकांनी 'केसरी' आणि 'मराठा' पत्रांतून कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. ज्या कागदांवर भिस्त होती, ते बनावट ठरले. माफी मागूनही १८८२ साली दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढे डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगर येथे पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. कळवळा खरा होता, पुरावा खोटा होता. यातून धडा घ्यावयाचा तो 'बोलू नका' असा नव्हे. 'खात्री करून बोला' असा. त्या दोघांनी तरी तोच घेतला. तुरुंगातून सुटल्यावर त्यांची लेखणी थांबली नाही.

याच आगरकरांना पुढे सामाजिक सुधारणेविषयी आपली मते मोकळेपणी मांडणे 'केसरी'त अशक्य झाले, तेव्हा १८८७ साली त्यांनी संपादकपद सोडले आणि पुढल्या वर्षी 'सुधारक' काढला. त्यांच्याही आधी 'निबंधमाला' लिहिणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांची सरकारी शाळेतून रत्नागिरीस बदली झाली. १८७९ साली त्यांनी नोकरीच सोडली, आणि १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. रघुनाथ धोंडो कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. त्यांचा संततिनियमनाचा प्रचार चालकांना मानवला नाही आणि १९२५ साली त्यांची नोकरी गेली. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केले.

ही नावे आपण सभांतून मोठ्या अभिमानाने घेतो. 'पाहा, खरे बोलणाऱ्यांचे शेवटी भलेच झाले!' असा त्यांचा सोयीस्कर अर्थही लावतो. मला हा अर्थ निर्दय वाटतो. चिपळूणकर नोकरी सोडून तीन वर्षेही जगले नाहीत. बत्तिसाव्या वर्षी गेले. कर्व्यांनी उरलेले आयुष्य मासिकाच्या खर्चाची तोंडमिळवणी करण्यात घालविले. आणि आमच्या काट्यावरच्या कारकुनाने काय काढावयाचे होते? 'सुधारक'? त्याच्यामागे म्हातारी आई, दोन शिकणारी मुले आणि सोसायटीचे कर्ज होते. खरे बोलण्यासाठी प्रत्येकाने थोर पुरुष असले पाहिजे, अशी अट जो समाज घालतो, त्याला खरे नको असते. त्याला जयंत्या हव्या असतात.

व्यवहारी माणसाला मी व्यवहाराचीच भाषा बोलतो. ज्या कचेरीत कारकुनाला 'काटा चुकतोय' म्हणता येत नाही, तेथे साहेबाला काटा चुकतोय हे कधी कळावयाचे? सर्वांत शेवटी, म्हणजे गावकरी गेटवर जमल्यावर. स्पष्ट बोलणाऱ्याला हलविले म्हणजे चूक हलत नाही. फक्त ती दिसेनाशी होते. सरकारी नोकरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले, की अहवालातला प्रत्येक शेरा त्या माणसाला कळविला गेला पाहिजे. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली मंजूर केला, आणि मग तो वर्षानुवर्षे अंमलाची वाट पाहत बसला. कायदे हवेतच. परंतु त्या दिवशी त्या खोलीत कायद्याची गरज नव्हती. शेजारच्या माणसाने वही उघडून "होय, माझ्याकडेही आहे," एवढे म्हणण्याची होती. एकटा बोलतो तो भांडखोर ठरतो. दोघे बोलले की ती माहिती ठरते.

आणि हे दोघे तयार कुठे होणार? घरातच! ज्या घरात सुनेने आमटी खारट म्हटली की आगाऊ, मुलाने वडिलांची चूक दाखविली की उद्धट, त्या घरातून निघालेला मुलगा कचेरीत जाऊन काय बोलणार?

तो कारकून निवृत्त झाल्यावर मला एकदा महाद्वार रोडवर भेटला. मी जुने काही बोलू लागताच हसून म्हणाला, "जाऊ द्या हो. काटा तर सरळ झाला न्हवं?" त्याने माझी चूक काढली नाही. काढली असती तर बरे झाले असते.

यंदाच्या पाडव्याला पुतण्या नमस्काराला वाकेल, तेव्हा मी त्याला सांगणार आहे: "बाळ, आधी खात्री कर. लिहून ठेव. मग बोल. आणि शेजारचा बोलत असेल, तर वहीचं पान उलटू नकोस. बदली झाली तर घर तुझ्या मागे आहे."

हे शेवटचे वाक्य तेवढे घरातल्या सर्वांनी मिळून म्हणावयाचे आहे.