शनिशिंगणापूरचा चौथरा आणि राष्ट्राच्या वरचा कायदा

“अॅट्रॉसिटीची फिर्याद नोंदवायला ठाण्यात दिवस जातो, आणि तुम्ही जिनिव्हाचे कायदे कसले शिकता?” आम्ही काही कार्यकर्ते पोटापाण्याची कामे सांभाळून रविवारी आंतरराष्ट्रीय आणि अधिराष्ट्रीय कायद्याची तोंडओळख करून घेतो, तेव्हापासून चळवळीतूनच हा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. उत्तर शनिशिंगणापुरातूनच देतो.

नोव्हेंबर २०१५ मध्ये एक स्त्री चौथऱ्यावर चढली म्हणून तिथे शुद्धीकरण झाले. हा शब्द आपल्याला नवा नाही. १९२७ मध्ये चवदार तळ्याचेही शुद्धीकरण झाले होते. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याची आठवण सरकारला करून दिली. तरी २ एप्रिलला स्त्रियांना अडवलेच. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, चौथरा खुला झाला.

आता याची दुसरी बाजू पाहा. स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याचा ‘सीडॉ’ करार भारताने ९ जुलै १९९३ रोजी मान्य केला. स्त्रीला हीन ठरवणाऱ्या रूढी बदलणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे त्याचे कलम ५(अ) सांगते. पण भारत सरकारने या कलमाला एक पुस्ती जोडली: कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत, त्या समाजाचा पुढाकार आणि संमती असल्याशिवाय, हस्तक्षेप करणार नाही.

समाज म्हणजे कोण? ट्रस्टवर बसलेले, की चौथऱ्याखाली उभी केलेली बाई? हीच अट १९३० मध्ये काळाराम मंदिरापाशी लावली असती, तर सत्याग्रहींनी कोणाच्या संमतीची वाट पाहायची होती? ही पुस्ती वाचल्यावाचून तिच्याविरुद्ध लढता येत नाही. अभ्यासाची गरज इथेच सुरू होते.

या कायद्याची मर्यादाही आम्ही शिकतो. आंतरराष्ट्रीय करार राष्ट्रे आपापसांत करतात. अधिराष्ट्रीय व्यवस्थेत राष्ट्रे आपल्या अधिकाराचा काही भाग वरच्या संस्थेकडे देतात. युरोपीय संघाचा कायदा सदस्य देशाच्या कायद्यावर मात करतो. स्ट्रासबर्गचे मानवी हक्क न्यायालय हे युरोपीय संघापेक्षा वेगळ्या संस्थेचे, पण तिथे एकटा माणूसही आपल्या सरकारविरुद्ध दाद मागू शकतो. चेक प्रजासत्ताकात रोमा मुलांना मतिमंदांच्या शाळांत घातले जात होते. देशात दाद लागली नाही, स्ट्रासबर्गलाही आधी हार झाली. पण २००७ मध्ये तिथल्याच मोठ्या पीठाने हा भेदभाव असल्याचा निकाल दिला.

आपल्याला ती वाट नाही. आशियात असे न्यायालयच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे वैयक्तिक तक्रार नेण्याची जी सोय सीडॉच्या पूरक करारात आहे, ती भारताने स्वीकारलेली नाही. वंशभेदविरोधी करार भारताने १९६८ मध्येच मान्य केला, त्याच्या समितीने २००२ मध्ये ‘जन्मावर आधारित’ भेदभावात जातही येते असे स्पष्ट केले. आपले सरकार मात्र जात म्हणजे वंश नव्हे, असे म्हणत राहिले.

मग उपयोग काय? उपयोग आहे. या समित्यांपुढे सरकारला अहवाल द्यावा लागतो, तेव्हा संघटना आपला वेगळा अहवाल देऊ शकतात. आणि १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशात कायदा नसताना सीडॉचाच आधार घेतला होता. करार कोर्टात पोहोचतो, पण कोणीतरी तो नेऊन ठेवावा लागतो.

शेजारच्या सोनईत जानेवारी २०१३ मध्ये मेहतर समाजाच्या तीन तरुणांचे खून झाले. सत्र न्यायालयाची शिक्षा यायला २०१८ उजाडले. ही लढाई ठाण्यात आणि कोर्टातच लढावी लागते, ती आम्ही सोडलेली नाही. पण अशा घटनांची नोंद जगापुढे सरकारच्या शब्दांत जावी की आपल्या?

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. संयुक्त राष्ट्रे तेव्हा वर्षाचीही नव्हती. त्यांची नजर तिथवर गेली होती.

संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत मराठी नाही. तेव्हा हे करार मराठीत आणून वस्तीत वाचणे आपल्यालाच करावे लागेल. तालुक्यात चार जण जमत असतील तर सीडॉच्या कलम ५ पासून सुरुवात करा, आणि त्याखालची सरकारची पुस्ती मोठ्याने वाचा.

जय भीम!