बोगदा आपोआप, पण गेटपाससह!

फायनल इयरचं प्रोजेक्ट म्हटलं की डेटाबेस लॅबच्या लिनक्स सर्व्हरवर आणि आपण होस्टेलच्या रूमवर, हे ठरलेलंच. मग तिथपर्यंत पोचायचं कसं? बरेच जण शॉर्टकट मारतात. पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट सगळ्या नेटवर्कला खुला करतात. काम होतं, पण दार सताड उघडं राहतं!

खरं तर यावरचा उपाय जुनाच आहे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू यलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. त्याच्या पोर्ट फॉरवर्डिंगने आपल्या लॅपटॉपवरचा ५४३३ पोर्ट सर्व्हरच्या ५४३२ ला जोडता येतो. अ‍ॅप्लिकेशनला वाटतं, डेटाबेस इथेच आहे. मधला प्रवास एन्क्रिप्टेड.

हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण वायफाय गेलं की बोगदा कोसळतो, कमांड पुन्हा मारावी लागते, आणि तिसऱ्यांदा वैतागून माणूस पोर्टच उघडतो. म्हणून माझं म्हणणं असं की, सुरक्षित रस्ता आधी सोपा करा. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये तीन ओळी पुरतात. 'लोकलफॉरवर्ड' जोडणी ठरवते. 'एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर' यस ठेवलं की पोर्ट मिळाला नाही तर एसएसएच उगाच चालू राहत नाही. 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल' ३० ठेवलं की मेलेलं कनेक्शन साधारण दीड मिनिटात कळतं. मग सिस्टमडीच्या यूझर सर्व्हिसमध्ये 'रीस्टार्ट' ऑलवेज आणि 'रीस्टार्टसेक' १० लिहा. बोगदा पडला की दहा सेकंदांनी पुन्हा उभा!

पण आपोआप म्हणजे मोकाट नव्हे. भोसरी-चाकणच्या कंपन्यांत पाहुण्याच्या गेटपासवर कोणाला भेटायचं ते लिहिलेलं असतं. इथेही तसंच हवं. आपोआप जोडायचं तर पासफ्रेज टाकायला कोणी बसलेलं नसतं, म्हणून बोगद्यासाठी वेगळी की काढा. सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड कीज फाइलमध्ये त्या कीच्या आधी 'रिस्ट्रिक्ट' आणि 'पोर्ट-फॉरवर्डिंग' लिहा, 'परमिटओपन' मध्ये तेवढा एकच पोर्ट द्या, आणि 'कमांड' मध्ये 'बिन-फॉल्स' टाकून शेल बंद करा. लॅपटॉप चोरीला गेला तरी चोर डेटाबेसच्या दारापर्यंतच पोचेल, आत जायला पासवर्ड लागेलच.

चाकणला इंटर्नशिपला जाणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. रूमवरून काम करता यावं म्हणून प्लँटच्या नेटवर्कमधून बाहेर उलटा बोगदा काढणं म्हणजे कंपाउंडच्या भिंतीला भोक पाडणं. त्या नेटवर्कवर चालू मशीनं असतात. आयटी विभागाची लेखी परवानगी नसेल तर हात लावू नये.

आता लॅबच्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. फॉरवर्डिंग सरसकट बंद करू नका. सर्व्हरवर 'अलाऊटीसीपीफॉरवर्डिंग' ला 'लोकल' ठेवलं तर उलटा बोगदा बंद राहतो आणि आमचं कामही चालतं. सरळ रस्ता मिळाला, तर भिंतीवरून उड्या कोण मारेल?