मेल पोचला का?

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. माझा रूम पार्टनर एका कंपनीच्या इंटर्नशिपची ऑनलाइन टेस्ट पास झाला. इंटरव्ह्यूचं मेलने कळवू, असं कंपनीने सांगितलं होतं. आठ दिवस झाले, पंधरा झाले. पठ्ठ्या दर अर्ध्या तासाने जीमेल उघडून बघायचा, अगदी स्पॅम फोल्डरसुद्धा. काही नाही! शेवटी कंपनीत फोन लावला. उत्तर आलं, "तुम्हाला मेल केला होता. तुम्ही आला नाहीत. जागा भरली."

मी कॉम्प्युटर सेंटरमध्ये मेल सर्व्हरच्या कामात सरांना मदत करतो. त्यामुळे सगळ्यांची तोंडं माझ्याकडे! "तुमचा सर्व्हरच भंगार आहे," हे वाक्य मेसमध्ये वरणभाताबरोबर रोज वाढलं जाऊ लागलं. एका रात्री लॉग काढून बसलो आणि मान खाली गेली. मेल आपल्या सर्व्हरवर अगदी व्यवस्थित आला होता. त्याला मारलं आपणच, आणि तेही चांगल्या हेतूने.

मेकॅनिकल-सिव्हिलच्या मित्रांसाठी जरा सोपं करून सांगतो. आपल्यापैकी बहुतेकांनी कॉलेजचा पत्ता जीमेलवर फॉरवर्ड करून ठेवला आहे. म्हणजे सुट्टीत आपण गावी गेलो की हॉस्टेलवर आलेल्या पाकिटावर वॉचमनकाका घरचा पत्ता टाकून परत पोस्टात टाकतात, तसंच. पण जीमेल आता दारातच दोन पुरावे मागतं. पहिला एसपीएफ. कंपनीच्या नावाने कोणकोणती मशिन्स मेल पाठवू शकतात, याची यादी कंपनी डीएनएसमध्ये लावते. आपलं मशीन त्या यादीत कसं असेल? म्हणजे फॉरवर्ड केलेला मेल इथे नापास होणारच. दुसरा पुरावा डीकेआयएम, म्हणजे पत्रावरची लाखेची मोहोर. पत्र कोणीही आणून देवो, मोहोर शाबूत असली की झालं. दोन्हींतला एकही पुरावा कंपनीच्या नावाशी जुळला नाही, तर काय करायचं हे डीमार्क सांगतं. या कंपनीने सांगून ठेवलं होतं, "नाकारा."

आता आपला पराक्रम ऐका. आपल्याकडे स्पॅमअसॅसिन आहे. तो प्रत्येक मेलला गुण देतो आणि ५ च्या वर गेला की स्पॅम ठरवतो. कंपनीचा मेल चित्रं आणि लिंकांनी भरलेला, त्याला पडले ५.३. आपण मेल उडवत नाही, नुसता विषयाच्या ओळीत 'स्पॅम' असा शिक्का मारतो आणि पुढे पाठवतो. किती सभ्यपणा! पण विषयाची ओळ त्या मोहोरेखाली येते. ओळ बदलली, मोहोर फुटली. दोन्ही पुरावे गेले. जीमेलने नाकारलं. आपल्या पोस्टफिक्सने नियमाप्रमाणे तक्रार उलट पाठवली, ती कंपनीच्या 'नो रिप्लाय' पत्त्यावर. तिथे वाचणारं कोण? नियम सगळ्यांनी पाळले आणि पोराची इंटर्नशिप गेली.

हे काही नवीन नाही. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी असंच 'नाकारा' धोरण लावलं, तेव्हा जगभरच्या मेलिंग लिस्ट अडचणीत आल्या होत्या. कारण त्याही विषयाच्या ओळीत आपलं नाव घालत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्यांचे नियम आणखी कडक केले. आपली कॉन्फिग फाइल मात्र होती तिथेच.

दुसरं दुखणं व्हर्च्युअल डोमेनचं. आपल्या एकाच मशीनवर कॉलेज, फेस्टिव्हल आणि माजी विद्यार्थी अशी तीन डोमेन आहेत. एका वाड्यात तीन बिऱ्हाडं. फेस्टिव्हल कमिटीने हट्टाने एक ओळ टाकून घेतली होती: आमच्या डोमेनवर कुठल्याही नावाने मेल आला तरी तो सेक्रेटरीच्या जीमेलवर जाऊ दे. स्पॅमवाल्यांना अजून काय हवं? हजार खोटी नावं मारून बघायची, सगळी स्वीकारली जाणार आणि सगळी पुढे जाणार. जीमेलला दिसतं काय, तर कचरा ओततोय आपलाच आयपी पत्ता. बदनाम होतो अख्खा वाडा.

सर वैतागून म्हणाले, "फॉरवर्डिंगच बंद करून टाकू." त्यांचं निम्मं पटतं. ज्यांचा मेलबॉक्स इथे आहे त्यांनी तो आयमॅपने थेट फोनवर जोडावा, सगळ्यात उत्तम. पण माजी विद्यार्थ्यांना आपण मेलबॉक्स देतच नाही, नुसता पत्ता देतो. ते फॉरवर्ड बंद केलं तर त्या पत्त्याला अर्थ काय? काही मित्र म्हणतात, एसआरएस बसवा. जरूर बसवा. त्याने पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता आपला होतो, तक्रार निदान आपल्याकडे येते. पण एसपीएफ पास होतं ते आपल्या नावावर. डीमार्कला हवं असतं कंपनीचं नाव. म्हणजे मोहोर जपण्यावाचून गत्यंतर नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. सर्व्हरने '२५०' म्हटलं, म्हणजे रजिस्टर पत्र सही करून घेतलं. त्यानंतर ते हरवलं तर जबाबदारी आपली. म्हणून काय नाकारायचं ते सही करण्याआधी नाकारा. नसलेली नावं आणि उघड स्पॅम दारातूनच परत जाऊ द्या. म्हणजे पाठवणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. संशयित मेल पुढे ढकलू नका. मेलबॉक्स असेल त्याच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नसेल त्याचा सर्व्हरवर राखून ठेवा, आणि काय अडवलं त्याची यादी रोज त्या माणसाला द्या. जो मेल पुढे पाठवायचा, त्याच्या विषयाला आणि मजकुराला हात लावू नका. गुण नोंदवायला वेगळी हेडर ओळ पुरते. फिल्टरने मेल जरूर अडवावा, पण आपण काय गमावतोय हे ज्याचा मेल आहे त्यालाच कळू नये, हे चालणार नाही.

विषयावरचा शिक्का सरांनी आता बंद केलाय. फेस्टिव्हलची ती ओळ कमिटीच्या होकारासाठी अडली आहे. कमिटीवाले मित्रहो, हे वाचताय ना?

आणि एक. प्रत्येक मेल डोमेनला 'पोस्टमास्टर' हा पत्ता लागतो, आपल्यालाही आहे. अडचणीचे मेल तिथे येतात आणि गेली कित्येक वर्षं ते कोणी उघडलेले नाहीत. ते रोज वाचायला दोघे जण हवेत. कॉम्प्युटरचेच हवेत असं नाही. पहिलं नाव आलंय, मेकॅनिकलचं. माझ्या रूम पार्टनरचं.