हट्ट म्हणावा कीं पीडा?

गेल्या कार्तिकांत आम्ही वालावल येथें लक्ष्मीनारायणाच्या दर्शनास गेलों होतों. बरोबर पुतण्याचा सहा वर्षांचा मुलगा. ढोल वाजूं लागतांच त्यानें कान दाबून असा आकांत मांडला कीं, चार माणसांत शोभा नको म्हणून आम्हीं त्यास एक चापट दिली. हें लिहितांना तिची लाज वाटत आहे.

हाच मुलगा नव्या सदऱ्याच्या शिवणीनें कळवळतो, पेजेला शिवत नाहीं, आणि झोपाळ्यावर मात्र तासभर शांत बसतो. 'लाडानें बिघडला,' हा घरांतील वडीलधाऱ्यांचा निकाल. सूनबाईंनीं तो मानला नाहीं. त्यांनीं मुलास व्यवसायोपचार जाणणाऱ्या बाईंकडे नेलें.

हें नांव ऐकून पुष्कळांस सुतारकामाचा वर्ग आठवतो. परंतु खेळणें, जेवणें, कपडे घालणें हाच मुलाचा व्यवसाय! ही विद्या आपल्याकडे रुजविली कमलाबाई निंबकर यांनीं. जन्मानें अमेरिकन असलेल्या या बाईंनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत तिची शाळा काढली. (फलटणचे शेतीतज्ज्ञ बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव.) स्पर्श, आवाज, शरीराचा तोल यांच्या संवेदना मेंदूंत कशा जुळतात, याचा विचार अमेरिकेंतील जीन एअर्स यांनीं केला, त्यांचा ग्रंथ १९७२ चा. कानाच्या आंत तोल सांभाळणारें इंद्रिय असतें, आणि झोका त्यासच हलवितो. आमच्या मुलाचा झोपाळा आतां आम्हांस कळला.

तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१२ सालीं बजावलें कीं, ही स्वतंत्र व्याधि म्हणून निदान करूं नये. मागें स्वमग्नतेसारखें दुसरें कांहीं आहे काय, तें आधीं पाहावें. उपचारांच्या पुराव्याविषयींही तिनें हात राखूनच लिहिलें. तेव्हां 'महिन्यांत बरा करतों' म्हणणाऱ्यापासून दूर राहिलेलें बरें.

आमच्याकडे घडलें तें साधें आहे. परातभर तांदुळांत लपविलेले शिंपले शोधणें, आईबरोबर कणीक मळणें, भरलेली लहान कळशी उचलून नेणें. कोठें गोंगाट होणार असेल तर आधीं सांगणें. सदरा आतां उलटा शिवतात, शिवण बाहेर. पेज अद्याप नकोच आहे.

यंदां पुन्हां वालावल येथें जाणार आहों. ढोल सुरू होतांच आम्हीं दोघांनीं उठून तळ्याच्या काठीं बसावयाचें, असें ठरलें आहे. सूनबाईंची अट एकच : आधीं आम्हीं त्याची क्षमा मागावी. ती मागितली. तो म्हणाला, "आजोबा, चापट एवढी नाहीं लागली, ढोल लागला."