स्पीडगनची पावती आली. दंड भरला की विषय संपतो का?

बोईसरहून चिल्हार फाट्याला बाहेर पडलं की समोर मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो आणि भल्याभल्यांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जड होतो. मग मोबाइलवर मेसेज येतो: वेगमर्यादा ओलांडली, इतका दंड. कोणी चार शिव्या घालून पैसे भरतं, तर कोणी लोक अदालतीत रक्कम कमी होईल म्हणून मेसेज तसाच ठेवतं. दोघांचाही समज एकच, की हा फक्त पैशांचा मामला आहे. पण कायदा तसं म्हणत नाही.

ब्रिटनमध्ये वेगात गाडी चालवताना सापडलं की दंडासोबत लायसन्सवर कमीत कमी ३ पॉइंट चढतात. तीन वर्षांत १२ पॉइंट झाले की लायसन्स जाऊ शकतं. म्हणून तिकडे लोक पैशांपेक्षा पॉइंट वाचवण्यासाठी भांडतात. अशी पॉइंट पद्धत भारतातही आणण्याचा केंद्राचा विचार सुरू असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या आणि चर्चा सुरू झाली. पण पॉइंट नाहीत म्हणजे आज लायसन्सला धोका नाही, असं समजू नका.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ वेगाबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात कार आणि इतर हलक्या वाहनांना १,००० ते २,००० रुपये, तर मध्यम आणि जड वाहनांना २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कलमात पुढे लिहिलंय, की दुसऱ्यांदा सापडलात तर लायसन्स जप्त होऊ शकतं. जप्त केलेलं लायसन्स आरटीओकडे गेलं, तर कलम १९ नुसार पहिल्या वेळी तीन महिने अपात्रता आणि त्यानंतर पुन्हा तसंच झालं तर लायसन्स रद्द, अशी तरतूद आहे.

आता खरी मेख. चलानचे पैसे भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड. पैसे भरले की खटला चालत नाही. पण २०१९ मध्ये कलम २०० मध्ये एक वाक्य जोडलं गेलं: अशी तडजोड केली तरी लायसन्सवरच्या कारवाईतून सुटका होत नाही. म्हणजे पैसे भरून प्रकरण मिटलं असं वाटतं, नोंद मात्र मागे राहते.

घरची कार चालवणाऱ्याला तीन महिने लायसन्स नसणं म्हणजे गैरसोय. तारापूर एमआयडीसीत टेम्पो, टँकर किंवा कामगारांची बस चालवणाऱ्यासाठी ते तीन महिन्यांचा पगार नसणं आहे. त्यात ई-चलान जातं गाडीच्या मालकाच्या नावावर आणि त्या वेळी स्टिअरिंगवर असतो दुसराच. गाडी कोण चालवत होतं, ही माहिती पोलिसांनी मागितल्यावर देणं कलम १३३ नुसार मालकाची जबाबदारी आहे. गाड्या भाड्याने लावणाऱ्यांनी कोणत्या फेरीला कोण ड्रायव्हर होता, याची साधी वही ठेवली तरी पुढचे अर्धे वाद टळतील. नोकराला वेगात गाडी पळवायला लावणाऱ्या मालकालाही हेच कलम १८३ लागतं, हे मात्र बहुतेक मालक सांगत नाहीत.

मग हरकत घ्यायची ती कशावर? “सगळेच त्या वेगाने चालले होते” किंवा “घाई होती” याला काही किंमत नाही. कागदावर काय आहे ते बघा. फोटोतली नंबर प्लेट तुमचीच आहे का? गाडी तीच आहे का? तुम्ही त्या दिवशी त्या ठिकाणी होतात का? बनावट किंवा चुकीच्या वाचलेल्या नंबर प्लेटचं प्रकरण असेल, तर त्या वेळची टोलची फास्टॅग नोंद किंवा कंपनीच्या गेटवरची एन्ट्री हा चांगला पुरावा ठरतो.

दुसरी गोष्ट यंत्राची. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ नुसार स्पीडगन किंवा कॅमेऱ्याला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. पुढे कॅमेऱ्याची नजर आहे, हे सांगणारा फलक आधी ठळकपणे लावलेला असावा लागतो. घटनेपासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची असते आणि तिच्यात फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ व ठिकाण द्यावं लागतं. शिवाय कलम १८३ सांगतं, की एका साक्षीदाराला नुसतं ‘गाडी जोरात होती’ असं वाटलं म्हणून शिक्षा होत नाही, मोजमाप यंत्राचं हवं. अर्थात फलक नव्हता म्हणून चलान आपोआप रद्द होईल, असं नाही. मुद्दा मांडता येतो, निर्णय कोर्टाचा.

तक्रार पैसे भरण्याआधी करायची. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर आणि अ‍ॅपवर तक्रारीची सोय आहे. चलान कोणी केलंय हे आधी बघा, कारण वसई-विरारचा पट्टा पोलीस आयुक्तालयाकडे आहे आणि मनोर, कासा, तलासरी पालघर जिल्हा पोलिसांकडे. महामार्ग पोलीस वेगळेच. चुकीच्या दारात अर्ज गेला की दिवस जातात. तिथे दाद लागली नाही, तर कोर्टात बाजू मांडता येते. लोक अदालत रक्कम कमी करून मिटवण्यासाठी आहे, ‘मी चूक केलीच नाही’ हे सिद्ध करण्याची ती जागा नाही.

आणि या रस्त्यावर कॅमेरे नकोतच, असं म्हणणाऱ्यांनी चारोटीजवळचा सूर्या नदीवरचा पूल आठवावा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी तिथे टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबतच्या आणखी एकाचा मृत्यू झाला. त्याआधीही वेगाबद्दल ई-चलान झाली होती, असं पालघर पोलिसांनी नंतर तपासाच्या संदर्भात सांगितलं.

तुमच्या गाडीवर काय थकलंय ते पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. आरटीओकडे जुना मोबाइल नंबर असेल तर मेसेज येणारच नाही, तेव्हा तो बदलून घ्या. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चलानच्या नावाने एपीके फाइल आली तर उघडू नका, ते चलान नसतं.