इनाम नको, पगार द्या

चैत्र लागला की आपल्या सोलापूर जिल्ह्यात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि पालखी-छबिना आटोपला की दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड लागतो. उन्हे कलली की हलगी कडाडते. आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या. सात-आठ वर्षांची पोरे मातीत लोळतात आणि मूठभर रेवड्या घेऊन आईकडे पळत सुटतात. मग शंभराची, पाचशेची, हजाराची जोड आणि दिवेलागणीला शेवटची लाखाची. जिंकलेला गडी पटका दोन्ही हातांत पसरून फडाला फेरी मारतो. कोणी त्यात दहाची नोट टाकतो, कोणी पन्नासची, एखादा बागायतदार पाचशेची. पोरगा वाकून नमस्कार करतो आणि पुढे सरकतो. खांदा दुखावलेला असला, तरी त्या फेरीत तो कुणाला कळू देत नाही.

त्याच रात्री त्याच गावातल्या चहाच्या टपरीवर मोबाइलभोवती घोळका जमतो. आयपीएलचा सामना रंगात आलेला असतो आणि कोणीतरी म्हणतोच, ‘एका माणसाला सत्तावीस कोटी? एवढे पैसे लागतात कशाला यांना?’ नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात लखनौ सुपर जायंट्सने ऋषभ पंतला २७ कोटी रुपयांना घेतले, तेव्हापासून हा आकडा लोकांच्या तोंडी बसला आहे. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात असूया असते, असे आम्हाला वाटत नाही. ज्या शहरात बाया दिवसभर सूप मांडीवर घेऊन हजार विड्या वळतात तेव्हा कुठे दिवसाची मजुरी पदरात पडते, जिथे यंत्रमागावरचा कामगार बारा तासांची पाळी करून कानठळ्या घेऊन घरी येतो, त्या सोलापुराला हा प्रश्न विचारायचा पुरेपूर हक्क आहे. म्हणूनच त्याचे उत्तर सरळ दिले पाहिजे. आमच्या मते क्रिकेटपटूला मिळणारा पैसा रास्त आहे. अन्याय आहे तो त्या पटक्यात.

आधी हिशेब पाहू. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, म्हणजे वर्षाला साधारण ९,७०० कोटी. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला खेळाडू घेण्यासाठी १२० कोटींची मर्यादा होती. दहा संघांचे झाले १,२०० कोटी. त्यात प्रत्येक सामन्यामागे दिले जाणारे साडेसात लाखांचे मानधन धरले, तरी प्रक्षेपणाच्या शंभर रुपयांतले चौदा रुपयेही खेळाडूंच्या वाट्याला येत नाहीत. तिकिटे, जाहिराती, प्रायोजक यांचा पैसा अजून धरलेलाच नाही. अमेरिकेत एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूंची संघटना मालकांशी करार करते आणि खेळातून येणाऱ्या उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो. लोक मैदानात येतात ते पंतची फटकेबाजी पाहायला, संघमालकाची खुर्ची पाहायला नाही. ज्याच्या अंगमेहनतीवर धंदा उभा आहे त्याने त्यातला वाटा घेतला तर त्याला हावरट कसे म्हणायचे? ज्या शहराने १९३० मध्ये मार्शल लॉ सोसला आणि पुढे गिरणी कामगारांचे लढे पाहिले, त्याला तरी हे वेगळे सांगायला नको. शिवाय पंतचे २७ कोटी कुठल्याही परिचारिकेच्या किंवा शिक्षकाच्या पगारातून कापलेले नाहीत. लिलावात बोली लागली नसती, तर ती रक्कम विडी कामगाराच्या घरी गेली नसती, मालकाच्याच तिजोरीत राहिली असती.

लोकांच्या खिशातून खरोखर काही जात असेल, तर ते वेगळ्या वाटेने जाते आणि रागही तिकडे वळायला हवा. क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क राज्य सरकारने जून २०२३ मध्ये घटवले, तेही २०११ पासूनच्या मागच्या तारखेने. त्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. वर्षाला हजारो कोटी कमावणाऱ्या खेळाला ही सवलत कशासाठी? गावच्या जत्रेच्या कमिटीला परवान्यासाठी चार ठिकाणी हेलपाटे घालावे लागतात, तिची अशी गय कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

‘लायकी’ या शब्दाकडे वळू, कारण सगळा घोळ तिथे आहे. कसोटीत भारताचे पहिले द्विशतक ठोकणारे पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले, १९२६ साली. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा केल्या. त्या काळात कसोटीमागे खेळाडूच्या हातात पडत जेमतेम अडीचशे रुपये. १९८३ चा विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला द्यायला क्रिकेट मंडळाकडे पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, त्यातून आलेल्या रकमेतून प्रत्येकाला एक लाख रुपये मिळाले. उम्रीगरांची लायकी अडीचशेची होती आणि आजच्या फलंदाजाची कोटीची आहे, असे कोण म्हणेल? मधल्या काळात खेळाभोवती बाजार उभा राहिला, एवढाच फरक पडला. कबड्डीचेही तेच. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा सर्वांत महागडा खेळाडू १२ लाख ८० हजारांचा होता, २०२३ मध्ये पवन सेहरावतवर दोन कोटी साठ लाखांची बोली लागली. नऊ वर्षांत चढाईपटूच्या पायांत वीसपट बळ आले नाही. खेळाला वेळापत्रक, लेखी करार आणि टीव्हीवरची वेळ मिळाली.

आपल्याच जिल्ह्यातली किरण नवगिरे घ्या. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची ही मुलगी आधी भालाफेक, गोळाफेक करायची. क्रिकेटमध्ये संधी शोधत थेट नागालँडच्या संघात गेली आणि २०२२ मध्ये टी-२० सामन्यात ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा काढल्या. टी-२० मध्ये दीडशे ओलांडणारी ती पहिली भारतीय. महिला प्रीमियर लीग २०२३ मध्ये आली नसती तर या खेळीचे मोल एखाद्या सत्काराच्या शाल-श्रीफळाएवढेच झाले असते. यूपी वॉरियर्सने तिला ३० लाखांना घेतले. पहिल्या हंगामात तिच्या बॅटवर कुठल्याही कंपनीचे स्टिकर नव्हते, पेनने लिहिलेले ‘एमएसडी ०७’ होते. धोनीवरचे प्रेम त्यात होतेच, पण टीव्हीवर झळकणाऱ्या फलंदाजाची बॅट कोरी होती, हेही आम्ही विसरू शकत नाही.

सोलापूरचा क्रिकेटपटू अर्शिन कुलकर्णी याची गोष्ट शहराला ठाऊक आहे. जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये त्याने ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या, तेरा षटकार खेचले आणि त्याच सामन्यात चार बळीही घेतले. सहा महिन्यांत लखनौने त्याला २० लाखांना घेतले, पुढच्या लिलावात ३० लाखांना. लिलावातली ही तळाची रक्कम आहे. तिच्याआधी पहाटे उठून मैदान गाठण्याची, पट्ट्याने कंबर आवळून गोलंदाजी करण्याची कितीतरी वर्षे असतात आणि तिच्यापुढे फार तर दहा-बारा वर्षांची कमाई. पार्क मैदानावर आज सकाळी सरावाला आलेल्या पोरांपैकी बहुतेकांना तेवढेही मिळणार नाही. पस्तिशीत निवृत्त व्हायचे, मध्येच गुडघा गेला तर पंचविशीतच. साठीपर्यंत पुरवायचा पैसा एवढ्या थोड्या वर्षांत मिळवावा लागत असेल, तर त्याचा आकडा मोठा दिसणारच.

आता त्या पटक्याकडे परत येऊ.

सोलापूर हा कुस्तीचा जिल्हा आहे. दक्षिण सोलापुरातल्या बोरामणीच्या शेख घराण्याने इस्माईल (१९८०), आप्पालाल (१९९२) आणि मुन्नालाल (२००२) असे तीन महाराष्ट्र केसरी दिले. मार्च २०२५ मध्ये कर्जतला वेताळ शेळकेने सोलापूरसाठी गदा आणली. मंगळवेढ्यातल्या शिरसीचा महेंद्र गायकवाड जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात उपविजेता ठरला. विजेत्याला थार गाडी आणि पाच लाख, उपविजेत्याला ट्रॅक्टर आणि अडीच लाख, अशी बक्षिसे होती. शेतकऱ्याच्या पोराला ट्रॅक्टर कामाला येतो, आम्ही त्याची किंमत कमी करत नाही. पण ही रक्कम वर्षातून एका दिवसाची आणि सबंध राज्यातल्या दोघांची. तालमीत राहणाऱ्या मल्लाचा खुराक मात्र रोजचा असतो. बदाम, तूप, दूध, फळे, कधी मटण. घरचे एकर-दीड एकर रान त्यासाठी गहाण पडल्याच्या गोष्टी वस्ताद मंडळी सांगतात. उपांत्य फेरीत हरलेल्याचे काय, खांद्याचे ऑपरेशन करावे लागलेल्याचे काय, हे कोणी विचारत नाही. जाहीर झालेले तरी हातात पडतेच असे नाही. २०२२ मध्ये साताऱ्याला महाराष्ट्र केसरी झालेल्या पृथ्वीराज पाटीलने, गदा मिळाली पण रोख रक्कम मिळाली नाही, अशी खंत बोलून दाखवली होती. राज्यातला सर्वांत मोठा किताब जिंकलेल्या मल्लावर ही वेळ येते, तर जत्रेतल्या फडावर काय होत असेल?

कुस्तीला कबड्डीसारखा बाजार का मिळाला नाही, याचे उत्तर कुस्ती चालवणाऱ्यांनी द्यायला हवे. २०१८ मध्ये झी टॉकीजवर कुस्ती दंगल झाली, लोकांनी ती घरी बसून चवीने पाहिली. त्या वाटेवर पुढे जायचे सोडून राज्यातल्या कुस्तीत दोन तट पडले. नोव्हेंबर २०२३ मध्ये एक महाराष्ट्र केसरी धाराशिवला झाली आणि दुसरी फुलगावला, म्हणजे एकाच महिन्यात दोन केसरी. खरी गदा कोणती हेच ठरत नसेल, तर पैसे लावणारा कुठे लावणार? ही भांडणे पदाधिकाऱ्यांची आहेत आणि त्यांची किंमत मोजतो तो तालमीतला पोरगा.

खो-खोकडे पाहिले म्हणजे इनाम आणि पगार यांतला फरक लख्ख दिसतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. पुरुषांच्या संघात आपल्या वेळापूरचा रामजी कश्यप होता. महाराष्ट्र सरकारने राज्यातल्या विजेत्यांना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये आणि सरकारी नोकरी जाहीर केली. हे चांगलेच झाले. त्याच संघांतल्या कर्नाटकच्या दोन खेळाडूंना त्यांच्या सरकारने पाच लाख देऊ केले आणि महाराष्ट्राकडे बोट दाखवून दोघांनी ते नाकारले. मैदान तेच आणि सुवर्णपदकही तेच. अक्कलकोटच्या पलीकडे हद्द ओलांडली की एकाच विजयाची किंमत पंचेचाळीसपट कमी होते. पगाराचे असे होत नाही. त्याला करार असतो, तारीख असते आणि मिळाला नाही तर दाद मागता येते. इनाम देणाऱ्याच्या मर्जीवर असते, त्याची घोषणा व्यासपीठावरून होते, तिला टाळ्या पडतात आणि खेळाडूला हात जोडून उभे राहावे लागते. देणाऱ्याचे मन मोठे असेलही, पण खेळाडूचे घर कुणाच्या मनावर का चालावे?

यावर उपाय दूर नाही, कोल्हापुरात आहे. कागलचा छत्रपती शाहू कारखाना आणि कुंभी-कासारी कारखाना यांनी मानधनधारक मल्लांची पद्धत चालवली. मॅटवर स्पर्धा घ्यायची, वजनगटाप्रमाणे मल्ल निवडायचे आणि त्यांना मानधन द्यायचे. त्यात उपकाराची भाषा नाही. मल्ल लढून जागा मिळवतो आणि टिकवायची तर पुन्हा लढतो. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. उसाच्या पट्ट्यातल्या गावांत तालमी आहेत, कारखान्यांच्या अध्यक्षांना कुस्तीची हौस आहे आणि जत्रेत लाखाची कुस्ती लावायला त्यांचाच हात पुढे येतो. तीच रक्कम बारा महिन्यांवर पसरून दहा मल्लांच्या बँक खात्यात का जाऊ नये? प्रत्येक कारखान्याने दहा मल्ल आणि दहा खो-खोपटू, त्यातही निम्म्या मुली, वर्षाच्या लेखी करारावर घ्यावेत. करारात अपघात विमा असावा आणि शस्त्रक्रियेचा खर्च असावा. जखमी झालेल्या महिन्यात मानधन थांबू नये, कारण खुराक नेमका त्याच महिन्यात जास्त लागतो. महापालिकेने पार्क स्टेडियमवर एवढा खर्च केला आहे, तर तिथे तिकीट लावून होणाऱ्या प्रत्येक स्पर्धेत खेळाडूंचा वाटा आधी ठरवावा, मग परवानगी द्यावी. खेळाडू कोट्यातून मिळणारी रेल्वेची किंवा पोलिसातली नोकरी कितीतरी घरांना आधार देऊन गेली आहे. पण नोकरी लागेपर्यंतची अठरा ते चोवीस ही वर्षे पोराने कशावर काढायची, हे कोणी ठरवलेले नाही.

आणि जत्रा कमिट्यांसाठी एक विनंती. जत्रेआधी महिनाभर गावच्या एसटी स्टँडवर, किराणा दुकानाच्या भिंतीवर कुस्त्यांचे पत्रक लागते. वर ग्रामदैवताचा फोटो, खाली जोड्या. कुस्ती क्रमांक एक, इनाम इतके, कोणाविरुद्ध कोण. त्याच पत्रकाच्या तळाशी यंदा दोन ओळी वाढवा. इनामाची सर्व रक्कम फडाच्या आदल्या दिवशी अमुक बँकेत जमा आहे, ही एक. फडात उतरणाऱ्या प्रत्येक मल्लाचा, रेवड्यांवर खेळणाऱ्या पोरांसह, त्या दिवसाचा विमा काढला आहे, ही दुसरी. छापायला जास्तीचा खर्च येणार नाही.